दुसऱ्या पाळीला सरदार नाही

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे चित्र नवं नाही. खाणीच्या गेटबाहेर प्रकल्पग्रस्तांचा मंडप पडलेला असतो. ‘जमीन घेतली, नोकरी द्या’ असा फलक, खाली सतरंजीवर बसलेली पंचविशीतली पोरं, कडेला कोणाची तरी म्हातारी आई. आणि त्याच गेटच्या आत, मॅनेजरच्या खोलीत, दुसऱ्या पाळीला सरदार कुठून आणायचा याची चिंता चाललेली असते. एकजण रजेवर, एकाचं ब्लड प्रेशर वाढलेलं, एकजण महिनाअखेर निवृत्त होणार. बाहेर शेकडो हात रिकामे आणि आत एक माणूस मिळत नाही. खाणउद्योगाला माणसं कमी पडताहेत अशी बातमी अधूनमधून येते. ती वाचताना या गेटच्या दोन्ही बाजू एकदम डोळ्यांपुढे आणल्या नाहीत, तर तिचा अर्थ लागत नाही.

मायनिंग सरदार हा मोठा साहेब नसतो. भूमिगत खाणीतला एक ठरावीक भाग, ज्याला डिस्ट्रिक्ट म्हणतात, तो त्याच्या ताब्यात असतो. पाळीची माणसं कामाला लागण्याआधी त्यानं सगळीकडे फिरायचं, छत तपासायचं, हवा खेळती आहे का बघायचं, गॅस आहे का बघायचं, आणि जागा सुरक्षित असल्याचं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं. मगच बाकीच्यांनी हात लावायचा. त्याच्या वर ओव्हरमन, त्याच्या वर असिस्टंट मॅनेजर. ही पदं कायद्यानं बांधलेली आहेत. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेला माणूसच ती भरू शकतो. असा माणूस नसेल तर त्या डिस्ट्रिक्टचं काम थांबवायचं, असा नियम आहे. म्हणजे कंपनीकडे पैसा असला, यंत्र असलं, खाली कोळसाही असला, तरी एका सरदाराच्या गैरहजेरीनं सगळं अडून बसू शकतं.

माझे बाबा ओव्हरमन म्हणून निवृत्त झाले. मूलकडच्या एका खेड्यातली दोन एकर धानाची शेती पाच भावांत पुरेना, म्हणून राष्ट्रीयीकरणाच्या थोडं आधी, खाणी खासगी मालकांच्या हातात होत्या तेव्हा, ते लोडर म्हणून लागले. टोपलीनं कोळसा भरून गाडीत टाकायचा, गाडीमागे पैसे मिळायचे. १९७३ साली खाणी सरकारनं घेतल्या, १९७५ साली कोल इंडिया झाली, आणि बाबांचा पगार महिन्याचा झाला. पुढे ड्रेसर, मग सरदारकीची परीक्षा, मग ओव्हरमनची. हे सगळं व्हायला जवळपास वीस वर्षं लागली. आज ते सत्तरीच्या पुढे आहेत, दम लागतो, पण कान शाबूत आहेत. आमच्या नव्या घराला गिलावा झाला त्या दिवशी त्यांनी हातातल्या काठीनं सगळ्या खोल्यांचं छत ठोकून पाहिलं, आणि स्वयंपाकघरात एका कोपऱ्याखाली थांबून गवंड्याला म्हणाले, “हे इथलं सुटलं आहे जी, पडन.” गवंड्यानं शिडी लावून पाहिलं. तिथं खरोखरच गिलावा स्लॅबला धरलेला नव्हता.

ड्रेसरचं काम तेच असतं. एका हातात काठी किंवा लोखंडी सळी, तिनं छतावर टकटक करायची, आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच छताला टेकवून ठेवायची. वरचा दगड एकसंध असेल तर आवाज खणखणीत येतो आणि बोटांना काही जाणवत नाही. आत कुठंतरी थर सुटलेला असेल तर आवाज बद्द येतो आणि बोटांखाली बारीक थरथर लागते. बाजारात मडकं वाजवून घेतात तसंच हे, फरक इतकाच की इथं फुटकं निघालेलं मडकं डोक्यावर असतं. ऐकायला सोपं वाटतं. पण पुस्तकात ‘बद्द’ असं लिहिलेलं वाचून तो आवाज कळत नाही. वालुकाश्माचं छत वेगळं वाजतं, शेलचं वेगळं. पाणी मुरलेलं छत आणखी वेगळं. मोठा जाड थर सुटलेला असेल तर कधीकधी तो खणखणीतच वाजतो आणि सगळ्यांना फसवतो, हे बाबा नेहमी सांगतात. त्यासाठी कान सोडून इतर खुणा बघाव्या लागतात.

बाबांना हे शिकवलं ते करीमनगरकडच्या एका म्हाताऱ्या सरदारानं. आमच्या चंद्रपुरातल्या लालपेठ, महाकाली कॉलरीच्या वस्त्यांत तेलुगू, छत्तीसगडी, बिहारी, गोंड, मराठी असे सगळेच होते आणि खाली सगळ्यांची एक मिसळलेली हिंदी चालायची. या म्हाताऱ्याला लिहिता-वाचता जेमतेम यायचं. पिलर काढण्याच्या जागी तो बाबांना घेऊन जायचा, भिंतीला पाठ लावून बसवायचा आणि दोघांचे कॅप लॅम्प बंद करायला लावायचा. तसला अंधार जमिनीवर कुठंच नसतो. मग म्हणायचा, “अब सुनो.” बराच वेळ काहीच नाही. मग लांब कुठंतरी कोळशाचा बारीक चुरा सुटल्याचा आवाज. मग लाकडी टेकूची एक करकर. मग पुन्हा शांतता. कोणती करकर रोजची आणि कोणती करकर माणसं बाहेर काढायची, हे तो अंधारात बोटांनी बाबांच्या मनगटावर दाबून सांगायचा.

पिलर काढणं म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत खाणींत आधी कोळशाच्या थरात आडव्याउभ्या गॅलऱ्या खोदतात आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात. छत त्या खांबांवर उभं राहतं. सगळीकडे खोदून झालं की मग मागे सरकत सरकत ते खांबही काढून घेतात. खांब काढला की मागची मोकळी जागा कोसळू द्यायची, तिला गोफ म्हणतात. ती कोसळायलाच हवी असते. कोसळली नाही, तर छताचं वजन पुढच्या खांबांवर येतं आणि तेव्हा खरा धोका असतो. म्हणजे इथं कामच असं की छत पडणार हे सगळ्यांना माहीत असतं, प्रश्न फक्त कधी आणि कुठवर हा असतो. पडण्याआधी छत इशारा देतं. खडे गळू लागतात. खांबांचे कडे सुटतात. टेकू बोलायला लागतात. जुने लोक लाकडी टेकूच पसंत करत, कारण लाकूड मोडण्याआधी आवाज करतं, लोखंड गप्प राहतं आणि एकदम वाकतं. माणसं लवकर बाहेर काढली तर पाळीचं उत्पादन बुडतं आणि वरून विचारणा होते. उशीर झाला तर विचारायला कोणी उरत नाही. हा निर्णय सरदाराला घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला थोडाच वेळ असतो.

आज छताचे थर एकत्र बांधून ठेवणारे रूफ बोल्ट आहेत, छत किती खाली आलं ते मोजणारी उपकरणं आहेत, गॅससाठी हातात मावणारे डिटेक्टर आहेत. ती आली हे फार चांगलं झालं. बाबांच्या बरोबरचे जे लोक छताखाली गेले, त्यांतले कित्येक आजच्या बोल्टांनी वाचले असते, हे बाबा स्वतः म्हणतात. मला जुन्या काळाचं गुणगान करायचं नाही. त्या काळानं आमच्या वस्तीतल्या बायकांना तरुणपणीच पांढरं कपाळ दिलं. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून ३७५ माणसं गेली, तेव्हा इथंसुद्धा आठवडाभर चुली नीट पेटल्या नाहीत, असं आई सांगायची. पण उपकरण जे सांगतं त्यावर विश्वास कधी ठेवायचा आणि ते काही सांगत नसतानाही माणसं कधी बाहेर काढायची, हे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं. आमच्या वर्धा खोऱ्यातला कोळसा आपोआप तापून पेट घेणारा आहे. बंद केलेल्या भागामागे आग धुमसायला लागली की आधी भिंतीला घाम सुटतो, हवेत धुरकट ओलसरपणा येतो, मग एक वास येतो, रॉकेलसारखा, पण रॉकेलचा नाही. बाबा अजूनही चुलीवर काही करपलं तर आधी तो वास कोणता हे ओळखतात, मग पातेलं उतरवायला सांगतात.

आता हे ज्ञान पुढं गेलं का? इथंच सगळी गाठ आहे.

कोल इंडिया स्थापन झाली तेव्हा वर्षाला सुमारे ८ कोटी टन कोळसा निघायचा आणि त्यातला बहुतेक भूमिगत खाणींतून. नंतर उघड्या खाणींचा जमाना आला. डंपर, शॉवेल, ड्रॅगलाइन. उत्पादन वाढत गेलं आणि माणसं कमी होत गेली. एके काळी ६ लाखांच्या वर असलेली कामगारांची संख्या आज सव्वादोन लाखांच्या आसपास आली आहे, आणि २०२४-२५ मध्ये याच कंपनीनं ७८ कोटी टनांहून जास्त कोळसा काढला. आकडे बघणाऱ्याला हे यशच दिसेल, आणि एका अर्थानं ते आहेच. भूमिगत खाणींचा वाटा मात्र आता शंभरात तीन-चार टन इतकाच उरला. एकामागून एक खाणी बंद झाल्या. नव्वदीनंतर बराच काळ भूमिगत कामासाठी नवी भरती जवळपास झालीच नाही, उलट व्हीआरएस देऊन लोक घरी पाठवले गेले. जे आले ते अनुकंपेवर किंवा जमिनीच्या मोबदल्यात आले, आणि त्यांतले शिकलेले होते ते ऑफिसात, वर्कशॉपमध्ये, पृष्ठभागावर जागा शोधत राहिले. त्यांना दोष देता येत नाही. ज्याची दोन एकर गेली त्यानं जमिनीखाली जाण्याची हौस म्हणून जमीन दिलेली नव्हती.

परिणाम असा की बाबांची पिढी निवृत्त झाली तेव्हा त्यांच्या शेजारी बसून दिवे बंद करून ऐकणारा कोणी नव्हता. पन्नाशीचे, चाळिशीचे लोक हवे होते, ते नाहीत. साठीला टेकलेले आहेत आणि पंचविशीतले आहेत, मधली पायरी गळून पडलेली. आणि आता सरकारला पुन्हा भूमिगत खाणी हव्या आहेत. उघड्या खाणी जंगल खातात, शेती खातात, खोल जातील तसा माती-दगड उपसण्याचा खर्च वाढतो, म्हणून २०३० पर्यंत भूमिगत खाणींतून वर्षाला १० कोटी टन काढायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं आहे. यंत्रं भाड्यानं येतील. कंटिन्युअस मायनर नावाचं यंत्र सुरुंग न लावता थेट कोळसा खरवडून काढतं, ते परदेशातून मागवता येतं. पण त्या यंत्राच्या पुढं उभं राहून छत वाचणारा माणूस मागवता येत नाही. तो दहा-पंधरा वर्षांआधी पेरावा लागतो.

परदेशात तरी काय वेगळं आहे? बाबांच्या एका सहकाऱ्याचा मुलगा नागपूरच्या व्हीएनआयटीतून मायनिंग शिकला आणि आता ऑस्ट्रेलियात पर्थला आहे. तिथं पिल्बारातल्या लोखंडाच्या खाणींतले विनाचालक ट्रक दीड हजार किलोमीटरवरच्या पर्थ शहरातून चालवले जातात. तो सांगतो की तिथंही रडगाणं हेच. पगार भरपूर, पण मायनिंगच्या पदवीला पोरं येत नाहीत, खाण म्हटलं की नव्या पिढीला पर्यावरणाची नासधूस आठवते, आणि अनुभवी लोक निवृत्त होत चालले. अमेरिका, कॅनडातही तेच ऐकू येतं. बॅटरीला लिथियम हवं, तारेला तांबं हवं, पवनचक्कीला दुर्मिळ खनिजं हवीत, सगळ्या जगाला ती एकदम हवीत. आणि ती जमिनीतून काढणाऱ्याचा धंदा मात्र कोणालाच आपल्या मुलासाठी नको.

आमच्याही घरी नको होता. बाबांनी माझ्या भावाला एकदाही खाली नेलं नाही. तो पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. कॉलनीत ज्या ज्या घरी जाल तिथं हेच ऐकाल, “आमचं झालं गेलं, पोराला नाही उतरवणार.” बापाचं हे मन मला पूर्ण समजतं. ज्यानं खोकला घरी आणला, ज्यानं मित्र खाली सोडले, त्यानं मुलाला त्याच लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली पाठवायचं? पण सगळ्या शहाण्या बापांनी हेच ठरवल्यावर सरदार कोण होणार? जो नाइलाजानं येईल तो. आणि नाइलाजानं आलेला माणूस तिथून निघण्याची वाट बघतो, तिथं कान तयार करत बसत नाही. पगार आज वाईट नाही. २०२३ साली झालेल्या अकराव्या वेतन करारानंतर कायम कामगाराच्या हातात पडणारी रक्कम आमच्या शाळेतल्या शिक्षकाला हेवा वाटावी अशी आहे. पैशानं सुटण्यासारखी गोष्ट असती तर ती सुटली असती. इज्जतीचं म्हणाल तर, लग्नाच्या बाजारात ‘मुलगा खाणीत सरदार आहे’ असं सांगितलं की समोरच्या घरात पुढचा प्रश्न येतो, “वरच्या कामावर बदली होईल का?”

आणि मी? मला गणित येत होतं, भावापेक्षा बरं येत होतं. पण १९५२ च्या खाण कायद्यातल्या कलम ४६ नं बाईला जमिनीखाली काम करायला बंदी होती. बंदीमागं इतिहास आहे. एके काळी बंगाल-बिहारच्या खाणींत नवरा कोळसा तोडायचा आणि बायको भरायची. १९२९ पासून बायकांना हळूहळू बाहेर काढलं, दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली तशी १९४३ मध्ये पुन्हा आत घेतलं, युद्ध संपल्यावर पुन्हा बाहेर. गरज असेल तेव्हा आत, गरज संपली की बाहेर. मला राग येतो तो याचा. २०१९ च्या जानेवारीत सरकारनं तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी बायकांना दिवसपाळीत भूमिगत खाणींत उतरायची मुभा दिली. २०२१ मध्ये झारखंडच्या चुरी भूमिगत खाणीत आकांक्षा कुमारी रुजू झाल्या, कोल इंडियाच्या भूमिगत खाणीतल्या पहिल्या महिला मायनिंग इंजिनिअर. आणि देशातल्या पहिल्या महिला मायनिंग इंजिनिअर म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्या डॉ. चंद्राणी प्रसाद वर्मा आपल्या नागपुरातच, खाण संशोधन संस्थेच्या केंद्रात शास्त्रज्ञ आहेत. त्यांच्याबद्दल पेपरात वाचलं तेव्हा बाबांनी ते कात्रण मला न सांगता माझ्या टेबलावर ठेवलं होतं. अर्ध्या लोकसंख्येला इतकी वर्षं दाराबाहेर ठेवून मग माणसं मिळत नाहीत म्हणणं मला पटत नाही. माझ्या शाळेतल्या मुलींना मी आता दहावीनंतरच्या मायनिंग डिप्लोमाची माहिती देते. दोघींनी गेल्या वर्षी विचारपूस केली, एकीच्या घरून नकार आला, दुसरीनं अर्ज भरला.

२०२३ च्या दिवाळीत, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, उत्तराखंडात सिल्क्यारा बोगदा खचला आणि ४१ कामगार आत अडकले. पुढं सतरा दिवस बाबा टीव्हीसमोरून हलले नाहीत. अमेरिकी बनावटीचं ऑगर यंत्र आणलं, ते लोखंडात अडकून मोडलं. परदेशी तज्ज्ञ आले. शेवटचे दहा-बारा मीटर उरले तेव्हा बोलावले गेले ते हातानं बिळं खोदणारे कामगार, ज्यांना आपण ‘रॅट होल मायनर्स’ म्हणून ओळखतो. जेमतेम माणूस मावेल एवढ्या पाइपात शिरून त्यांनी हातानं माती आणि लोखंड काढलं, आणि २८ नोव्हेंबरला ४१ च्या ४१ जण बाहेर आले. मेघालयात हीच पद्धत वापरून कोळसा काढायला हरित लवादानं २०१४ मध्ये बंदी घातली आहे, आणि ती योग्यच आहे. त्या बिळांत किती जीव गेले त्याची नीट मोजदादसुद्धा नाही. पण बाबा त्या रात्री जे म्हणाले ते माझ्या डोक्यातून जात नाही. “यायले कोनी शिकवलं असन? कोन्या कालेजानं?” त्या माणसांच्या हातात जे होतं ते देशाला सतरा दिवसांसाठी लागलं. त्यानंतर त्यांना त्या हातांची किंमत किती मिळाली? त्यांच्याकडून पुढचा कोणी शिकतोय का, हे बघायला कोणी गेलं असल्याचं माझ्या वाचनात नाही.

कौशल्य कसं विखुरतं हे मी गोव्यातही पाहिलं. माझी मावसबहीण डिचोलीला दिलेली आहे. तिचा नवरा मांडवीतून लोहखनिज वाहणाऱ्या बार्जवर होता. भरती-ओहोटीचं गणित, नदीतले गाळाचे उंचवटे, भरलेली बार्ज मुरगावजवळ मोठ्या जहाजाला भिडवण्याची कसरत, हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ८८ लीज रद्द होऊन पुन्हा ठप्प झाल्या. बेकायदा उत्खनन झालं होतं, ते थांबायलाच हवं होतं, यात मला शंका नाही. पण थांबवताना त्यावर जगणाऱ्या माणसांच्या हातातलं काम कुठं जाईल याचा विचार कोणी केला नाही. बार्ज गंजल्या, ट्रक विकले गेले. बहिणीचा नवरा कळंगुटच्या एका हॉटेलात सुरक्षारक्षक झाला. आता खाणकाम हळूहळू सुरू होतं आहे, पण तो परत जाणार नाही. वय झालं, आणि दोनदा तोंडघशी पडलेल्या माणसाला तिसऱ्यांदा विश्वास कसा बसावा? खाण बंद करता येते आणि पुन्हा उघडता येते. माणसाचं तसं नसतं.

पण मला सर्वांत जास्त तळमळ वाटते ती एका वेगळ्याच प्रकाराची, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

शेजारचा एक मुलगा गेली काही वर्षं संध्याकाळी बाबांकडे येतो. डिप्लोमा झालेला नाही, बारावी आहे. एका ठेकेदाराकडून भूमिगत खाणीत रूफ बोल्टिंगच्या कामावर होता, म्हणजे रोज सर्वांत पुढं, उघड्या छताखाली. सरदारकीची परीक्षा द्यायची म्हणतो. बाबा त्याला शिकवतात. मिथेन किती झाला की माणसं बाहेर काढायची? १.२५ टक्के. हे तो झोपेतही सांगेल. मग बाबा विचारतात, जुना सेफ्टी लॅम्प, म्हणजे गॅस ओळखायचा ज्योतीचा दिवा, हातात असेल तर गॅस असताना ज्योतीवर काय दिसेल? तो पुस्तकात वाचलेलं सांगतो, निळी टोपी दिसेल. “पायली का कधी?” नाही पाहिली. आमच्याकडच्या खाणींत गॅस त्यामानानं कमी, आणि तो लॅम्प आता प्रशिक्षण केंद्रातच बघायला मिळतो. मग बाबा देवघरातली समई पेटवतात, वात खाली ओढतात, इतकी खाली की ज्योत मोहरीएवढी होते, आणि तिच्याभोवती टोपी कुठं आणि कशी धरेल ते बोटानं हवेत काढून दाखवतात. मुलगा डोळे बारीक करून बघत राहतो. त्याच्यात शिकण्याची ओढ आहे, भीती पण योग्य तेवढी आहे. बाबांच्या मते हा पोरगा चांगला सरदार होईल, आणि बाबा सहसा कोणाबद्दल असं बोलत नाहीत.

अडचण अशी की परीक्षेला बसायला खाणीतल्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, आणि तो कागदावर लागतो. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र त्यानं काढलं, गॅस टेस्टिंगचं काढेल. पण अनुभवाचा दाखला? कायम कामगाराचं नाव खाणीच्या रजिस्टरला असतं, त्याचा प्रत्येक दिवस मोजलेला असतो. ठेक्यावरच्या माणसाचं तसं नाही. ठेका संपतो, दुसरा ठेकेदार येतो, माणसं तीच, छत तेच, नाव मात्र नव्यानं चढतं, किंवा उशिरा चढतं, किंवा कोणत्या तरी वेगळ्याच कामावर चढतं. आज उघड्या खाणींतलं बहुतेक उपसण्याचं काम आणि भूमिगत खाणींतलंही बरंच काम ठेक्यावर चालतं. म्हणजे जी पोरं आज खरोखर छताखाली उभी आहेत, जी बोल्ट मारताना दगडाचा आवाज रोज ऐकताहेत, नेमका त्यांचाच अनुभव हिशेबात येत नाही. आणि ज्यांच्याकडे डिप्लोमा आहे ती पोरं एक वर्षाच्या प्रॅक्टिकल ट्रेनिंगची जागा कधी मिळेल म्हणून यादीत नाव लावून बसलेली असतात. एकाकडे हात आहे, कागद नाही. दुसऱ्याकडे कागद आहे, खाली उतरायची चिठ्ठी नाही. आणि मॅनेजरच्या खोलीत दुसऱ्या पाळीला सरदार नाही.

हे सोडवायला नवी समिती नको. ठेक्यावरच्या प्रत्येक माणसाच्या कामाची नोंद खाणीनंच ठेवावी, ठेकेदारावर सोडू नये. ठेकेदार बदलला तरी त्याचा अनुभव त्याच्याच नावानं पुढं चालू राहावा. आणि निवृत्त सरदार-ओव्हरमन, जे अजून चालते-फिरते आहेत, त्यांना मानधन देऊन प्रशिक्षण केंद्रात आणि, तब्येत झेपत असेल तर, प्रत्यक्ष खाली नव्या पोरांच्या शेजारी बसवावं. बाबांच्या बॅचचे असे कितीतरी लोक आमच्या कॉलनीच्या पारावर सकाळ-संध्याकाळ बसलेले असतात. आज विचारलं तर उद्या सकाळच्या पाळीला टोपी घालून येतील. काही वर्षांनी हा पार रिकामा झालेला असेल, तेव्हा विचारून उपयोग नाही.

शेजारचा मुलगा जुन्या ठेकेदाराच्या ऑफिसात दाखल्यासाठी खेटे घालतो आहे. कधी साहेब नाहीत, कधी शिक्का नाही, एकदा दाखला मिळाला तर त्यात ‘भूमिगत’ हा शब्दच नव्हता, नुसतं ‘मजूर’ लिहिलेलं. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत जवळ येत चालली आहे. येत्या सोमवारी तो पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी बाबांनीही सोबत जायचं ठरवलं आहे. मी म्हटलं, तुम्हाला तिथं कोण ओळखणार? ते म्हणाले, “ओळखो का न ओळखो. पोरगा दोन वर्षं माह्या छताखाली काम केला हे त्याले सांगणारा कोनी पायजे ना.” तो ज्या डिस्ट्रिक्टमध्ये कामाला होता, तिथूनच बाबा निवृत्त झाले होते. मी शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे, कारण बाबांना आता एकट्यानं बसमध्ये चढता येत नाही.